भाऊ आजारी, बहीण ठणठणीत, रिपोर्ट मात्र एकच

रिपोर्टवर दोन ओळी होत्या. मुलगा, वय ६ वर्षं : व्हिटॅमिन सी ५ मायक्रोमोल प्रति लिटरपेक्षा कमी. मुलगी, वय ९ वर्षं : व्हिटॅमिन सी ५ मायक्रोमोल प्रति लिटरपेक्षा कमी. दोन्हींच्या खाली सही माझी. पाच ही आमच्या यंत्राची खालची हद्द. त्याखालचं आम्ही मोजत नाही. ११च्या खाली गेलं की कमतरता धरतात, आणि नीट जेवणाऱ्या माणसाच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तपेशी वगळून उरणाऱ्या द्रवात, साधारण ५० ते ७० असतं. म्हणजे दोन्ही मुलांच्या रक्तात व्हिटॅमिन सी जवळपास नाहीच, असं मी लिहून दिलं होतं.

भावाच्या बाबतीत ते बहुधा खरं होतं. बहिणीच्या बाबतीत साफ खोटं. आणि दोन्ही आकडे एकाच वाटेने आले होते, म्हणून खरा वाटणारा आकडाही मला मागे घ्यावा लागला. हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण व्हिटॅमिनच्या तपासण्या आता गावोगाव होतात आणि नळी यंत्रापर्यंत पोचण्याआधी तिच्यावर काय गुदरलं, हे सहसा कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गावाचे तपशील मोघम ठेवले आहेत.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत जीवरसायन विभाग सांभाळते. नमुने आमच्याकडे लांबलांबून येतात. हे दोन मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आले होते, एप्रिलमध्ये.

धाकटा बोलायला पहिल्यापासून मागे. खाण्याच्या बाबतीत त्याचं जग तीन गोष्टींपुरतं होतं : उकळलेलं दूध, त्यात बुडवलेली बिस्किटं आणि मऊ पांढरा भात. भातावर वरणाचा पिवळा ठिपका दिसला तरी ताट दूर सारायचा. आईने सगळे प्रयत्न करून पाहिले होते. पोटभर खातो, वजनही बरं आहे, म्हणून घरचे फार काळजीत नव्हते. दुधात व्हिटॅमिन सी मुळातच थोडं, उकळल्यावर त्यातलंही बरंच जातं, भात-बिस्किटांत ते नसतंच. दोन वर्षं हे असं चाललं.

मग तो लंगडायला लागला. महिन्याभरात उभं राहणंच बंद झालं. गुडघे बाहेर टाकून, पाय दुमडून, बेडकासारखा पडून राहायचा. चादर बदलायला उचललं तरी किंचाळायचा. हिरड्या सुजून जांभळ्या झाल्या होत्या. आधी संधिवात वाटला. मग रक्तातलं हिमोग्लोबिन कमी दिसलं आणि हिरड्यांतून रक्त येतंय म्हटल्यावर रक्ताच्या कर्करोगाची शंका आली. हाडातला मगज काढून तपासायची तारीखही ठरली. तेवढ्यात गावातल्या बालरोगतज्ज्ञांनी गुडघ्याचा एक्स-रे पुन्हा एकदा खिडकीशी धरून पाहिला. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी दाट पांढरी रेघ, तिच्या वर विरळ पट्टा, आणि वाढीच्या केंद्राभोवती पेन्सिलीने काढल्यासारखं कडं. स्कर्व्ही. व्हिटॅमिन सी न मिळाल्याने होणारा, पुस्तकात वाचलेला, जहाजावरच्या खलाशांचा म्हणून ओळखला जाणारा आजार समोरच्या खाटेवर होता. त्या डॉक्टरांच्या नजरेचं मला आजही कौतुक वाटतं. एका मुलाची मोठी सुई आणि त्याच्या आईबापांची न संपणारी रात्र त्यांनी वाचवली.

गोळ्या सुरू करण्याआधी त्यांनी रक्त घ्यायला सांगितलं, आणि ‘एकाच चुलीवरचं खातात’ म्हणून बहिणीचंही. दोघांचं व्हिटॅमिन पॅनल : सी, डी, बी-१२ आणि फोलेट. त्याच संध्याकाळी धाकट्याला दिवसाला ३०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी सुरू झालं. तिसऱ्या रात्री तो न रडता झोपला. पाचव्या दिवशी खाटेचा कठडा धरून उभा राहिला. त्याच दिवशी, शनिवारी, आमचा रिपोर्ट पोचला.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला.

“मॅडम, धाकट्याचं मला पटलं. थोरलीचं नाही पटत. ही पोर शाळेतून येताना कैऱ्या पाडते आणि तिखटमीठ लावून खाते. कोबीची कोशिंबीर कच्ची खाते. हिच्या हिरड्या मी स्वतः बघितल्यात, गुलाबी आहेत. हिचं शून्य कसं?”

मी तेच उत्तर दिलं जे प्रयोगशाळेतला माणूस पहिल्यांदा देतो. म्हटलं, “सर, त्या दिवशीचे कंट्रोल बरोबर आले आहेत. दोन्ही पातळ्यांचे.”

ते क्षणभर थांबून म्हणाले, “असतील. पण इथे तिची आजी सुनेला विचारते आहे की दोन्ही लेकरांना तू काय घालत होतीस. ती बाई माझ्यासमोर बसून रडते आहे. मी तिला काय सांगू?”

फोन ठेवल्यावर माझ्याच उत्तरातली खोट माझ्या लक्षात आली. कंट्रोल म्हणजे माहीत असलेल्या पातळीचा नमुना. तो आमच्या फ्रीझरमधून निघतो, चार पावलं चालून यंत्रात जातो. तो बरोबर आला तर यंत्र बरोबर आहे, एवढंच सिद्ध होतं. एप्रिलच्या उन्हात तालुक्याहून पुण्यापर्यंतचा प्रवास त्याने केलेलाच नसतो. आमची सगळी गुणवत्ता तपासणी प्रवासाच्या शेवटच्या चार पावलांची होती.

रेणू दोन पायऱ्या उतरतो

पुढचं समजायला थोडं रसायन लागेल. रक्तातलं व्हिटॅमिन सी बहुतांश ॲस्कॉर्बिक आम्लाच्या रूपात असतं. हवेतल्या प्राणवायूने, आणि लोह किंवा तांब्याचा स्पर्श असेल तर फार लवकर, ते एक पायरी उतरतं आणि डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल बनतं. इथून परत वर येता येतं. प्रयोगशाळेतही योग्य रसायन घालून ते पूर्ववत करता येतं. पण शरीराच्या तापमानाला आणि रक्ताच्या पीएचला, म्हणजे आम्लतेच्या पातळीला, हा मधला रेणू फार तग धरत नाही. त्यातला अर्धा काही मिनिटांतच दुसरी पायरी उतरतो, रेणूचं कडं फुटतं आणि डायकीटोग्युलोनिक आम्ल तयार होतं. इथून परतीची वाट नाही. कुठल्याही यंत्राला ते पुन्हा व्हिटॅमिन सी म्हणून दिसत नाही.

शरीरात हा ऱ्हास थोपवायला माणसं ठेवलेली आहेत. लाल रक्तपेशी मधला रेणू आत ओढून घेतात आणि त्याचं पुन्हा ॲस्कॉर्बिक आम्ल करून टाकतात. म्हणूनच न फुटलेल्या पेशींसकट थंड ठेवलेलं रक्त काही तास बऱ्यापैकी टिकतं. इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातल्या मोठ्या पाहणीत रक्ताच्या नळ्या अंधाऱ्या डब्यात, ४ ते ७ अंशांना रात्रभर ठेवत, मग प्लाझ्मा वेगळा करून आम्ल घालून उणे ७० अंशांना नेत, आणि आठवड्याच्या आत मोजत. पण त्याच लाल पेशी फुटल्या की रखवालदारच चोर होतो : आतलं हिमोग्लोबिन आणि त्याचं लोह बाहेर येतं आणि प्लाझ्मातलं व्हिटॅमिन सी झपाट्याने जाळतं.

उपाय जुना आणि साधा आहे. रक्त बर्फात ठेवायचं, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये (नळी गरगर फिरवून पेशी तळाला बसवणाऱ्या यंत्रात) लगेच फिरवायचं आणि वरच्या प्लाझ्मात तितकंच १० टक्के मेटाफॉस्फोरिक आम्ल मिसळायचं. पीएच खाली येताच दोन्ही पायऱ्या मंदावतात, प्रथिनं साकळून तळाला बसतात आणि धातूही निष्प्रभ होतात. मग वरचं निवळ द्रव उणे ७० किंवा उणे ८० अंशांना. असा ठेवलेला नमुना वर्षानुवर्षं टिकतो. आम्ल न घालता उणे २० अंशांना ठेवलेला टिकत नाही, गोठलेला दिसत असला तरी. हे सगळं मला ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलं होतं, विद्यार्थ्यांना शिकवलं होतं.

सोमवार ते शुक्रवार, तास तास मोजून

पुढच्या सोमवारी एसटीने त्या गावी गेले. कलेक्शन सेंटर म्हणजे मेडिकलच्या मागची दहा बाय दहाची खोली. रक्त घेणारा मुलगा विशीतला. मला पाहताच त्याचा चेहरा उतरला.

“मॅडम, माझं काही चुकलं का?”

“तू काय काय केलंस तेवढं सांग. चूक कुणाची ते मी शोधते.”

त्याची वही व्यवस्थित होती. मोठ्या शहरांतल्या सेंटरांतही अशा नोंदी मी क्वचितच पाहिल्या आहेत. वहीवरून आणि त्याच्या तोंडून दोन्ही नळ्यांचा प्रवास असा उलगडला.

सोमवारी सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी थोरलीचं रक्त घेतलं. धाकट्याचं त्याआधी. दोघं रडत होती, शिरा बारीक, दंडाचा पट्टा बराच वेळ बांधलेला. बारीक सुईच्या सिरिंजने रक्त ओढलं आणि त्याच सुईतून दट्ट्या दाबून नळीत सोडलं. बारीक सुईतून जोराने सोडलेल्या पेशी फुटतात. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं द्रव, गुलाबी दिसत होतं, हे त्याला आठवत होतं. नळी पिवळ्या टोपणाची, म्हणजे रक्त गोठवणारी, तळाशी जेल असलेली. डी आणि बी-१२ला तीच वापरतात. नळीवर त्याने चांदीचा कागद नीट गुंडाळला, कारण आमच्या यादीत ‘उजेडापासून जपा’ असं होतं.

मग लाइट गेली. सेंट्रिफ्यूज बंद. बाहेर ४१ अंश, खोलीत भिंतीवरच्या तापमापकात ३६. दुपारी २ वाजून १० मिनिटांनी लाइट आली तेव्हा त्याने नळ्या फिरवल्या. म्हणजे साडेतीन तास फुटक्या पेशींच्या संगतीत, उन्हाळ्याच्या खोलीत. नंतर संध्याकाळी सहापर्यंत फ्रीजमध्ये. सहाला आमचे नमुने नेणारे कर्मचारी, भाऊ, आले, थर्मोकोलच्या डब्यात जेलच्या पिशव्या घालून रात्रीच्या गाडीने निघाले. डब्यात तापमापक नव्हता. मंगळवारी सकाळी साडेसातला आमच्या दारात डबा उघडला तेव्हा पिशव्या मऊ पडल्या होत्या, पण हाताला गार लागत होत्या.

आमच्या माणसाने नळी पाहिली. गळत नाही, पुरेशी भरलेली आहे, नाव बरोबर आहे. शिक्का मारला : नमुना योग्य. सीरम किंचित गुलाबी आहे हे दिसलं, पण ‘किंचित’ला नाकारायचं नाही असा आमचा नियम होता. व्हिटॅमिन सीची खेप आठवड्यातून एकदा, शुक्रवारी लागते. म्हणून नळी उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये गेली. हा फ्रीझर बर्फ साचू नये म्हणून आपोआप अधूनमधून गरम होणारा. शुक्रवारी नमुना वितळवला आणि मग, पूर्ण शिस्तीने, त्यात ताजं मेटाफॉस्फोरिक आम्ल घातलं. बैल गेला आणि झोपा केला.

पुण्याला परतल्यावर मी आमची तपासण्यांची यादी काढली. व्हिटॅमिन डीसमोर लिहिलं होतं : सीरम, २ मिलिलिटर, थंड. त्याखाली व्हिटॅमिन सीसमोर : सीरम, २ मिलिलिटर, थंड, उजेडापासून जपा. कुणीतरी वरची ओळ खाली उतरवून तिला उजेड जोडला होता. ती यादी दरवर्षी माझ्याकडे सहीला येते. त्या मुलाने आमच्या सूचनेतला शब्द न् शब्द पाळला होता. सूचनाच चुकीची होती, आणि ती माझी होती.

आमचंच रक्त त्या वाटेने

शंका कितीही रास्त असली तरी मोजल्याशिवाय ती शंकाच. म्हणून तिघांचं रक्त घेतलं : माझं, एका तंत्रज्ञ मुलीचं आणि नमुने नेणाऱ्या भाऊंचं. त्यांनी स्वतःहून दंड पुढे केला. प्रत्येकाच्या रक्ताचे भाग केले. पहिला भाग हिरव्या टोपणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या नळीत, बर्फाच्या पाण्यात. पंधरा मिनिटांत थंड सेंट्रिफ्यूज, आम्ल, उणे ८०. दुसरा तसाच, फक्त चांदीच्या कागदाशिवाय, उघड्या ट्यूबलाइटखाली. तिसऱ्याला मी थोरलीच्या वाटेने पाठवलं : बारीक सुई, दाबलेला दट्ट्या, पिवळं टोपण, ३६ अंशांच्या कपाटात साडेतीन तास, फ्रीज, थर्मोकोलचा डबा, उणे २०. माझ्या रक्तातून वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामी थोडा भाग काढून लगेच आम्लात टाकला, म्हणजे गळती कुठे झाली ते कळावं.

माझा पहिला भाग ५७ आला. कागदाशिवायचा ५५. उजेडाने एवढ्या वेळात जवळजवळ काही बिघडलं नव्हतं. तिसऱ्या वाटेवर, ३६ अंशांतल्या साडेतीन तासांनंतर ३३. रात्रभर डब्यात राहिल्यावर २०. उणे २० अंशांतल्या तीन दिवसांनंतर ७. यंत्राच्या मते मला स्कर्व्ही होऊ घातला होता.

तंत्रज्ञ मुलगी ४१ वरून पाचच्या खाली गेली. भाऊंचं मुळातच २६ होतं आणि तेही पाचच्या खाली गेलं. भाऊ बिडी ओढतात. धूम्रपानाने व्हिटॅमिन सी जास्त खर्च होतं, हे जगभर मान्य आहे. त्यांना ते सांगितलं तेव्हा त्यांनी तो आकडा दोनदा विचारून घेतला.

तिघांचं रक्त म्हणजे काही संशोधन नव्हे, आणि मी त्याला तसं म्हणतही नाही. पण जो प्रश्न होता त्याला ते पुरेसं होतं : या वाटेने कुणाचंही रक्त पाठवलं तर रिपोर्ट कमतरतेचाच येणार होता.

रद्द केलेले दोन रिपोर्ट

थोरलीचं रक्त पुन्हा घ्यायचं ठरलं. या वेळी मी पेटी घेऊन गेले : बर्फ, इन्व्हर्टरवर चालणारं छोटं सेंट्रिफ्यूज, मोजून भरलेल्या आम्लाच्या कुप्या आणि परतीसाठी कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड). आम्ल आदल्या दिवशी केलेलं. द्रवात ते हळूहळू साध्या फॉस्फोरिक आम्लात बदलतं, म्हणून जुनी बाटली चालत नाही. मुलगी या खेपेला रडली नाही. रक्त घेतल्यापासून अठराव्या मिनिटाला प्लाझ्मा आम्लात होता.

आकडा आला ४४.

डॉक्टरांनी आजींना समोर बसवून तो वाचून दाखवला, असं नंतर कळलं. आईला मी स्वतः फोन केला. चूक आमच्या प्रयोगशाळेची होती, तुमच्या स्वयंपाकाची नव्हती, हे तिने माझ्या तोंडून ऐकणं मला गरजेचं वाटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ताई, हे कागदावर लिहून द्याल?” दिलं.

धाकट्याच्या रिपोर्टवरून मात्र डॉक्टरांशी माझा वाद झाला. ते म्हणाले, “मॅडम, निदान तर बरोबर ठरलं. पोरगं चालायला लागलं. रिपोर्ट राहू द्या फाइलमध्ये, शोभतो तिथे.”

मी म्हटलं, “सर, थोरलीची नळी ज्या कारणाने मी रद्द केली, ते कारण धाकट्याच्या नळीलाही लागू आहे. त्याचं खरं कदाचित ३ असेल, कदाचित ९. कदाचित १८ही असेल. ते आता कुणालाच कळणार नाही. त्या नळीत जे मिळालं ते त्याच्या रक्ताचं नाही, आमच्या वाटेचं आहे.”

“मग पुन्हा घेऊ का त्याचं रक्त?”

तोवर गोळ्या सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. गोळी घेतल्यावर काही तासांतच प्लाझ्मातला आकडा वर चढतो. आता मोजलं असतं तर गोळ्याच मोजल्या गेल्या असत्या. त्या मुलाला आणखी एक सुई टोचायला कारण नव्हतं. रिपोर्ट बदलून लिहिला : नमुना अयोग्य, निष्कर्ष काढता येत नाही. निदान एक्स-रेवर आणि उपचाराला मिळालेल्या प्रतिसादावर उभं होतं, आणि ते भक्कम होतं.

तसाही प्लाझ्मातला आकडा म्हणजे आजार नव्हे. १९३९ साली बॉस्टनच्या जॉन क्रँडन या तरुण शल्यचिकित्सकाने व्हिटॅमिन सी नसलेला आहार स्वतःवर लावून घेतला होता. ४१ दिवसांत त्याच्या प्लाझ्मातलं व्हिटॅमिन सी शून्यावर आलं. पण त्वचेवर स्कर्व्हीच्या खुणा दिसायला चार महिन्यांहून जास्त काळ गेला. शून्य आकडा असलेला माणूस त्या मधल्या काळात हिंडत-फिरत काम करत होता. म्हणून बरोबर मोजलेला कमी आकडासुद्धा माणसाला पाहून, त्याचं ताट विचारूनच वाचायचा असतो. चुकीचा मोजलेला तर वाचायचाच नाही.

त्याच नळीतलं फोलेट

या प्रकरणात आणखी एक गोष्ट दडली होती, आणि ती कुणी विचारलीच नव्हती. पॅनलमधले बाकीचे आकडे. थोरलीचं व्हिटॅमिन डी पहिल्या नळीत १६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर होतं, दुसऱ्या, नीट घेतलेल्या नळीत १७. बी-१२मध्येही फरक नगण्य. पण फोलेट पहिल्या वेळी १७.९ होतं आणि दुसऱ्या वेळी ७.२.

लाल पेशींच्या आत सीरमपेक्षा तीस-तीस पट फोलेट साठलेलं असतं. थोड्या पेशी फुटल्या तरी सीरमचं फोलेट फुगतं. म्हणजे एकाच गुलाबी नळीत एक आकडा खोटा खाली ढकलला गेला होता आणि दुसरा खोटा वर चढला होता. खाली गेलेल्याने आरडाओरडा झाला. वर गेलेल्याकडे पाहून सगळे निश्चिंत होते. मला यातलं दुसरं जास्त धोक्याचं वाटतं. उद्या तशाच गुलाबी नळीतून एखाद्या गरोदर बाईचं कमी फोलेट भरपूर दिसलं, तर डॉक्टर दुसरीकडे शोधत बसतील. त्यात अशी बाई बहुधा सरकारी लाल गोळी घेत असते. तिच्यात ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, म्हणजे गोळीतलं फोलेट, असतं आणि सकाळी गोळी घेऊन आली तर सीरमचा आकडा गोळीचाच. शरीरातला साठा पाहायचा असेल तर लाल पेशींतलं फोलेट मोजावं लागतं, आणि त्यासाठी जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त ॲस्कॉर्बिक आम्लाच्या पाण्यात मुद्दाम फोडायचं. इथे व्हिटॅमिन सीच फोलेटची राखण करतं.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांची केईएम हॉस्पिटलने १९९३ पासून जी पाहणी केली, तिच्यात लाल पेशींतलं फोलेट मोजलं होतं, सीरमचं नव्हे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून दाखवलं की आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल तर मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला प्रतिरोध जास्त दिसतो. हे सगळं नळ्यांच्या राखणीवर उभं होतं.

विचार करता करता मला आमच्या चुकीचं मूळ सापडलं असं वाटतं. आमच्याकडे येणाऱ्या व्हिटॅमिनच्या नमुन्यांत डी आणि बी-१२चाच भरणा. दोन्ही दणकट. सीरममधलं व्हिटॅमिन डी तासन् तास खोलीत राहिलं, दोन-तीनदा गोठलं-वितळलं तरी फारसं ढळत नाही. या दोघांनी आमचे हात घडवले. दहा वर्षं ज्या सवयीने काही बिघडलं नाही, ती सवय म्हणजेच पद्धत, असं आम्ही धरून चाललो. मग व्हिटॅमिन सी आलं आणि आम्ही त्यालाही त्याच डब्यात बसवलं.

बाकीच्यांचे स्वभाव आणखी वेगळे. चांदीचा कागद खरा लागतो तो बी-६ला, बी-२ला, व्हिटॅमिन ए आणि कॅरोटीनला. बी-१ बहुतेक लाल पेशींतच असतं, म्हणून ते पूर्ण रक्तातच मोजायचं. सीरम पाठवलं तर हाती काही लागत नाही. ए घेताना मुलाला ताप किंवा जंतुसंसर्ग नाही ना ते विचारायचं, कारण तापात रक्तातलं रेटिनॉल, म्हणजे रक्तात फिरणारं ए, उतरतं, साठा भरलेला असला तरी. ई चरबीबरोबर फिरतं, म्हणून ते कोलेस्टेरॉलच्या जोडीने वाचायचं.

हे सगळं खेड्यात जमणार नाही, असं मला सहकाऱ्यांनी ऐकवलं. जमतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर आणि दक्षिण भारतातल्या साठीपुढच्या पाच हजारांवर माणसांचं व्हिटॅमिन सी मोजलं गेलं, मेटाफॉस्फोरिक आम्लात राखलेल्या प्लाझ्मातून. उत्तरेत सुमारे ७४ टक्के आणि दक्षिणेत सुमारे ४६ टक्के लोकांत कमतरता निघाली. हे आकडे हादरवणारे आहेत, आणि नमुने राखलेले होते म्हणूनच त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो. आमच्यासारखे डबे वापरले असते तर ती म्हाताऱ्या माणसांच्या ताटातली उणीव की उन्हाची करामत, हे सांगता आलं नसतं.

आता आमच्या यादीत व्हिटॅमिन सीची ओळ वेगळ्या पानावर आहे. हिरवं टोपण, बर्फाचं पाणी, अर्ध्या तासात प्लाझ्मा आम्लात, कोरड्या बर्फात प्रवास. जिथे हे होणं शक्य नाही तिथून आम्ही नमुना घेत नाही. तसं स्पष्ट सांगतो. यावरून कार्यालयात बोलाचाली झाली, कारण नाकारलेली नळी म्हणजे बुडालेले पैसे. मी मागे हटले नाही. सीरम गुलाबी असेल तर फोलेटही देत नाही, ‘किंचित’ असलं तरी. बारीक शिरेतून सिरिंजने रक्त घेतलं तर सुई काढून, टोपण उघडून, नळीच्या भिंतीवरून ओघळू द्यायचं, हे प्रत्येक सेंटरला जाऊन दाखवलं. आणि दर खेपेच्या डब्यात आमच्यापैकी कुणाच्या तरी प्लाझ्माची, आधी मोजलेली, एक कुपी जाऊन येते. तिचा आकडा परतल्यावर पुन्हा मोजतो. कंट्रोल आता प्रवास करतो.

त्या तालुक्याच्या सेंटरमध्ये इन्व्हर्टर बसला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात, पहिल्या पावसानंतर, तिथून एक डबा आला. आत कोरडा बर्फ अजून धुरत होता. कुपीला रबराने बांधलेली वहीच्या कागदाची चिठ्ठी होती, त्याच मुलाच्या अक्षरात :

“१०.२५ घेतलं. १०.३८ फिरवलं. १०.४६ आम्ल. लाइट होती.”